रिकामा पाळणा मागणारी देवता

वसई

प्रिय सिंथिया,


तुझं पत्र तुझ्या आईने मला वाचायला दिलं. ऑरेगनच्या जंगलातले फोटो पाहिले, लग्न ठरल्याचं वाचून आनंद झाला. शेवटच्या पानावर मात्र ‘पृथ्वीवर आणखी भार नको, म्हणून मूल होऊ द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय’ हे वाचलं आणि आईने पत्र माझ्याकडे का धाडलं ते कळलं. तिला तुझ्याशी वाद घालायचा नाही. मला घालायचा आहे.

मामा रोज मिस्साला जाणारा, जुन्या वळणाचा, त्याला झाडाझुडपांचं काय, असं तुझ्या मनात येईल. पण आपल्या वसईच्या केळीच्या बागा वाचवायला हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली, तेव्हा पुढे कोण होतं? फादर फ्रान्सिस दिब्रिटो, म्हणजे एक धर्मगुरूच. टँकरवाले वाड्यांतल्या विहिरी उपसत होते, बिल्डर शेतं गिळत होते, आणि चर्चला जाणारी साधी माणसं त्यांच्या आडवी आली. त्यांच्यातल्या कुणी जमिनीला देव म्हटलं नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बाग दिली ती मशागत करायला आणि राखायला. राखणदार बागेचा मालक नसतो, तसा तिचा पुजारीही नसतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तुझ्या मित्रमंडळींना लिन व्हाइट यांचा ‘सायन्स’मधला १९६७चा लेख तोंडपाठ दिसतो. माणसाला सृष्टीचा धनी ठरवणाऱ्या ख्रिस्ती शिकवणीतच पर्यावरणाच्या संकटाचं मूळ आहे, असं त्यात म्हटलंय. आरोप अगदीच बिनबुडाचा नाही. त्या शिकवणीचा आधार घेऊन जंगलं तोडणारे ख्रिस्ती होऊन गेलेत. पण लेखाचा शेवट ही मंडळी सांगत नाहीत. असिसीकर संत फ्रान्सिसना पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावं, असं व्हाइट यांनीच सुचवलं, आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते जाहीरही केलं. फ्रान्सिसने सूर्याला भाऊ म्हटलं, पाण्याला बहीण, धरणीला तर आईसुद्धा. स्तुती मात्र या सगळ्यांच्या निर्माणकर्त्याची केली.

तू ज्या विचाराच्या नादी लागलीस त्यात हा निर्माणकर्ताच उरलेला नाही. नॉर्वेच्या आर्ने नेस यांनी १९७३ साली ‘डीप इकॉलॉजी’ हा विचार मांडला. पुढे १९८४मध्ये जॉर्ज सेशन्स यांच्यासोबत त्याची आठ कलमं लिहिली. इतर जीव फुलायचे तर माणसांची संख्या घटली पाहिजे, असं त्यातलं एक कलम. कागदावर हे सौम्य वाटतं. पण हाच विचार मानणाऱ्या, १९८० साली अमेरिकेत निघालेल्या ‘अर्थ फर्स्ट!’ संघटनेच्या नियतकालिकात १९८७ साली टोपणनावाने एक लेख आला. एड्सने लोकसंख्या घटेल म्हणून त्यात त्या रोगाचं चक्क स्वागत केलं होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एका लाकडाच्या गिरणीत ओंडक्यात ठोकलेल्या खिळ्यावर करवतीचं पातं आदळून तुटलं आणि एका तरुण कामगाराचा जबडा फुटला. खिळा कोणी ठोकला हे सिद्ध झालं नाही, आणि पुढे त्या चळवळीतल्याच काहींनी खिळे ठोकणं सोडून दिलं, हेही सांगायला हवं. पण झाड वाचवायला झाडात खिळे ठोकणं हा मार्ग संघटनेतली माणसं उघडपणे सांगत होती. गिरणीत हातावर पोट असलेला माणूस उभा असतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

सप्टेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत विद्यार्थ्यांनी प्रार्थनामंदिरात कुंड्या मांडून रोपांपुढे पापनिवेदन केलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. पाप, प्रायश्चित्त, प्रलयाचा दिवस, धर्माचं सगळं साहित्य या मंडळींनी घेतलंय. पण रोपटं ऐकून घेईल, क्षमा कोण करील? क्षमा नसली की अपराधीपण वाढतच जातं, आणि मग जन्माला येणंच गुन्हा वाटू लागतं. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला तिथूनच आलेलं दिसतं.

आपल्या शेजारच्या काकूही वडाला सूत गुंडाळतातच की, असं म्हणशील. त्यांचा मार्ग माझा नाही. पण त्या वडाकडे मागतात ते नवऱ्याचं आयुष्य आणि भरलं घर. माणूस नकोसा व्हावा असं त्यांच्या पूजेत काही नाही.

माझं हे सगळं म्हणणं मामाचं खूळ समजू नकोस. निसर्गाला माणसाहून मोठं मानलं की नवं मूर्तिपूजन येतं, असा इशारा पोप बेनेडिक्ट यांनी २००९च्या परिपत्रकात दिला होता. पोप फ्रान्सिस यांचं २०१५चं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक तुझ्या खोलीत असेलच. त्यातला ९०वा परिच्छेद वाच, मग १२०वा. पृथ्वीला देवत्व देऊ नका, आणि सृष्टीची काळजी घेताना पोटातलं मूल नाकारू नका, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. ॲमेझॉनविषयीच्या बिशपांच्या सभेच्या, म्हणजे सिनडच्या वेळी, २०१९ साली, रोममधल्या चर्चमधले धरणीमातेचे म्हणवले जाणारे लाकडी पुतळे पळवून टायबर नदीत फेकणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. चोरी ती चोरी. पण व्हॅटिकनच्या बागेत त्या पुतळ्यांपुढे लोक जमिनीला डोकं टेकवत होते, तेही मला रुचलं नाही.

नदी साफ करायला जा, झाडं लाव, जंगलतोडीविरुद्ध मोर्चात घोषणा दे. तिथे मी तुझ्या मागे आहे. मात्र जिथे माणूस म्हणजे पृथ्वीला झालेला रोग असं बोललं जातं, त्या बैठकीतून उठून ये.

आणि लग्नाचं. मुलं किती, केव्हा, हे तुम्ही दोघांनी प्रार्थना करून ठरवायचं. त्यात मामाने नाक खुपसू नये. पण मुलं देवाकडून आनंदाने स्वीकाराल का, हे फादर तुम्हा दोघांना सगळ्यांसमोर विचारतील, आणि मूल नकोच असं मनाशी पक्कं ठरवून केलेला विवाह चर्च वैध मानत नाही. काय उत्तर देणार ते आधी ठरव, मग मला तारीख कळव.

तुझा,
मामा