दंडावरचे चिन्ह

गणवेश माणसाची ओळख करून देतो. खाकी कपड्यांतला पोस्टमन, काळ्या कोटातला तिकीट तपासनीस, पांढऱ्या पोशाखातली परिचारिका यांना आपण नाव न विचारता ओळखतो. सैनिकाच्या गणवेशाचे प्रयोजन मात्र इतके सरळ नाही. तो आपल्या लोकांना जसा ओळखू यावा लागतो, तसाच शत्रूलाही ओळखू यावा, अशी युद्धाच्या कायद्याची अपेक्षा असते. मग ज्याचे सारे कौशल्य न दिसण्यात आहे, त्या सैनिकाने काय करावे? रात्रीच्या अंधारात शत्रूच्या बंदरात शिरून जहाजांना सुरुंग लावणाऱ्या सागरी कमांडोंपुढे दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न उभा राहिला. कित्येकांचे जगणे-मरणे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

१९०७ साली हेग येथे झालेल्या करारात जमिनीवरील युद्धाचे नियम लिहिले गेले. स्वयंसेवक म्हणून लढणाऱ्यांच्या अंगावर दुरून ओळखू येईल असे ठरावीक चिन्ह असावे आणि त्यांनी शस्त्रे उघडपणे बाळगावीत, असे त्यात म्हटले आहे. नियमित सैन्याकडून ही अपेक्षा गृहीतच धरलेली होती. गणवेशातला सैनिक पकडला गेला, तर तो युद्धकैदी ठरतो आणि त्याला ठार मारता येत नाही. वेष पालटून शत्रूच्या मुलखात माहिती काढणारा मात्र हेर ठरतो. त्याच्यावर रीतसर खटला चालवावा एवढेच बंधन कायदा घालतो. त्या खटल्याचा शेवट बहुधा मृत्युदंडातच होई. शत्रूच्या निशाणाचा गैरवापर करू नये, असाही नियम आहे.

कागदावर सोपे वाटणारे हे नियम पाण्यात उतरणाऱ्या माणसाला पाळायचे होते. त्याच्या पोशाखाने थंडी अडवायची, पाणी अडवायचे, अंधारात मिसळून जायचे आणि शिवाय तो कोण आहे हेही सांगायचे. पितळी बिल्ला चमकतो, टोपी वाहून जाते. रबरी पोशाखावर चिन्ह लावावे, तर ते पाण्याखाली कोणाला दिसणार?

१९४१ च्या डिसेंबरमध्ये इटलीच्या नौदलाचे सहा जण अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. अंगावर रबरी पोशाख आणि बसायला संथ गतीने चालणारे पाणतीर, असा त्यांचा सरंजाम होता. त्यांपैकी लुइजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी हे दोघे ‘व्हॅलियंट’ या ब्रिटिश युद्धनौकेजवळच सापडले. सुरुंग कोठे आहे हे त्यांनी सांगितले नाही. तेव्हा त्यांना त्याच जहाजाच्या तळघरात, म्हणजे स्वतःच ठेवलेल्या सुरुंगाच्या आसपास, कोंडण्यात आले. स्फोटाला थोडाच वेळ उरला असताना दे ला पेन्ने याने कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना खलाशी बाहेर काढण्याची सूचना दिली. ‘व्हॅलियंट’ आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ या दोन्ही प्रचंड नौका निकामी होऊन बंदराच्या तळाला टेकल्या. इतके नुकसान सोसूनही ब्रिटिशांनी त्या सहाही जणांना युद्धकैदी म्हणूनच वागवले. पुढे इटलीने बाजू बदलली आणि १९४५ साली तारांतो येथे दे ला पेन्नेच्या छातीवर शौर्याचे सुवर्णपदक लावले गेले. ते लावणारे हात मॉर्गन यांचे होते.

असे औदार्य सगळीकडे नव्हते. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने एक गुप्त आदेश काढला. त्याच्या मोजक्याच प्रती वाटल्या गेल्या. कमांडो हल्ला करणारे शत्रुसैनिक गणवेशात असोत वा नसोत, सशस्त्र असोत वा निःशस्त्र, त्यांना जिवंत ठेवू नये, असा त्याचा आशय होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी फ्रान्समधील बोर्दो बंदरावर ब्रिटनच्या रॉयल मरीन्सची एक तुकडी निघाली. मेजर हॅस्लर तिचे प्रमुख होते. ७ डिसेंबरच्या रात्री ‘ट्यूना’ या पाणबुडीतून जिरोंद नदीच्या मुखाबाहेर पाच होड्या पाण्यात सोडल्या गेल्या आणि प्रत्येकीत दोघे बसले. सहावी होडी पाणबुडीतून बाहेर काढतानाच फाटली होती.

या दहा जणांचा वेष विचारपूर्वक बनवलेला होता. टोपीचे जलरोधक जाकीट, त्यावर झाडापाल्यात मिसळणारे रंगांचे पट्टे. कमरेचा घेर होडीच्या तोंडाभोवती घट्ट बसणारा, म्हणजे लाटेचे पाणी आत येऊ नये. चेहऱ्याला काळा रंग. हे सारे लपण्यासाठी होते. पण त्याच जाकिटावर रॉयल मरीन्सचे नाव, हुद्द्याच्या फिती आणि संयुक्त मोहीम दलाचे चिन्ह शिवलेले होते. गडद निळ्या कापडावर लाल धाग्यात काढलेल्या त्या चिन्हात नांगर, बंदूक आणि पंख पसरलेला गरुड एकत्र असत : नौदल, भूदल आणि हवाई दल. अंधारात ते सोबत्यालाही दिसण्याजोगे नव्हते. ते शिवले होते ते पकडणाऱ्या शत्रूने पाहावे म्हणून.

शत्रूने ते पाहिलेही. पहिल्याच रात्री भरतीच्या खळबळत्या प्रवाहात होड्यांची ताटातूट झाली. सार्जंट वॉलेस आणि मरीन युअर्ट हे ८ डिसेंबरच्या सकाळी नदीच्या मुखाजवळ पकडले गेले. ते गणवेशात होते. तरीही त्यांच्यावर खटला चालला नाही, त्यांना कैदी छावणीतही पाठवले गेले नाही. ११ डिसेंबरच्या रात्री जर्मन नौदलाच्या तुकडीने बोर्दोजवळ त्यांना गोळ्या घातल्या. इकडे रात्री वल्ही मारत आणि दिवसा काठच्या झुडपांत दडत शंभराहून अधिक किलोमीटर आत पोहोचलेल्या उरलेल्या दोन होड्यांतील चौघांनी त्याच सुमारास जहाजांना चुंबकी सुरुंग लावले. पुढे शेतकऱ्यांकडून जुने कपडे मिळवून हॅस्लर आणि त्यांचा जोडीदार स्पार्क्स स्पेनमार्गे मायदेशी परतले. दहांपैकी वाचले ते हे दोघेच. दोघे समुद्राने नेले. उरलेल्या सहा जणांना जर्मनांनी ठार केले.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी साक्ष जर्मनांचीच आहे. त्यांच्या नौदल मुख्यालयाच्या युद्धनोंदवहीत या मृत्युदंडाबद्दल लिहिले गेले, की ही कृती आदेशाला धरून असली, तरी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने ती नवीनच गोष्ट आहे, कारण ते सैनिक गणवेशात होते. नोंद करणाऱ्याला नियम ठाऊक होता आणि तो मोडला गेल्याचेही कळत होते. न्युरेंबर्ग येथील न्यायालयाने १९४६ साली ॲडमिरल रेडर यांना दोषी ठरवताना ही नोंद निकालपत्रात उद्धृत केली. वॉलेस आणि युअर्ट यांच्या दंडावरच्या चिन्हाने त्यांचे प्राण वाचवले नाहीत, पण चार वर्षांनी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ते उभे राहिले.

आशियातील युद्धात याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. १९४३ साली ऑस्ट्रेलियातून सिंगापूरवर गेलेल्या तुकडीने मूळच्या जपानी मासेमारी बोटीचा आश्रय घेतला होता. तिला ‘क्रेट’ असे नाव दिले होते. हा इंग्रजी शब्द हिंदीतील ‘करैत’वरून आला, मराठीत त्या विषारी सापाला आपण मण्यार म्हणतो. अंगाला गडद रंग फासून, सारोंग नेसून आणि जपानी निशाण लावून ते शत्रूच्या नजरेखालून गेले. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी बंदरातील जहाजे उडवली आणि सगळेच्या सगळे सुखरूप परतले. मात्र त्यांचा सुगावा न लागल्याने जपानी पोलिसांनी सिंगापूरमधील निरपराध नागरिकांना पकडून त्यांचा छळ केला. त्यात पंधरा जण दगावले.

पुढच्या वर्षी तेच धाडस पुन्हा करण्यात आले. या खेपेस ते उघडकीस आले. तेवीस जणांपैकी एकही परतला नाही. जिवंत सापडलेल्या दहा जणांवर जुलै १९४५ मध्ये खटला चालला. त्यांनी बिल्ले आणि टोप्या घातल्या नव्हत्या, जपानी निशाण लावले होते, हा आरोपाचा गाभा होता. सरकारी वकिलाने त्यांच्या शौर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि मृत्युदंड मागितला. ७ जुलै रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. जपानची शरणागती त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत आली. जपानी सैन्याने कैद्यांशी केलेले वर्तन पाहता, बिल्ले असते तर हे दहा जण वाचलेच असते, असे म्हणवत नाही. परंतु खटल्याला कायद्याचे रूप देण्याची सोय त्या नसलेल्या बिल्ल्यांनी केली, हे खरे.

आपल्या उपखंडात हा प्रश्न १९७१ साली आला. पूर्व बंगालमधील तरुणांना, त्यांत बरेचसे विद्यार्थी, भारतीय नौदलाने प्लासीजवळ भागीरथीच्या पात्रात पोहण्याचे आणि सुरुंग लावण्याचे शिक्षण दिले. या मोहिमेच्या आखणीत कमांडर मोहन नारायण सामंत यांचा मोठा वाटा होता. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे हे जलवीर पाण्यात उतरले. पोहण्याची चड्डी, पायांत रबरी पर आणि पोटाशी गमछाने बांधलेला सुरुंग, एवढाच त्यांचा वेष. काम उरकल्यावर लुंगी नेसून गावकऱ्यांत मिसळून जायचे होते. या वेषावर ना नांगर होता, ना गरुड.

अशा लढवय्यांना हेगच्या नियमांत जागा नव्हती. १९७७ साली जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक करारात थोडी सवलत मिळाली. परिस्थितीमुळे वेगळे ओळखू येणे शक्य नसेल, तर निदान चकमकीच्या वेळी आणि त्याआधी शत्रूच्या दृष्टीस पडत असताना शस्त्र उघडपणे बाळगावे, मग सैनिकाचा दर्जा कायम राहतो, असे त्यात म्हटले आहे. भारताने या करारावर सही केलेली नाही. पोटाशी बांधून पाण्याखालून नेलेला सुरुंग उघडपणे कसा न्यायचा, हे त्या करारातही सांगितलेले नाही.