नेट कुणाचं गेलंय?

अगं, काल तू इतकी वैतागली होतीस की मी नुसतं हं-हं करत ऐकून घेतलं. मीटिंगमध्ये आवाज तुटला, साहेबांनी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं, आणि मेव्हणेबुवांनी निकाल देऊन टाकला की फोन जुना झाला, नवा घे. नवा फोन घ्यायची हौस असेल तर खुशाल घे. पण वायफायसाठी घेऊ नकोस. बिचाऱ्या फोनचा यात दोष असतो तो क्वचितच. आणि हे दुरुस्त करायला संध्याकाळी कुणीतरी घरी येईल म्हणून थांबूही नकोस. नेट जातं दुपारी, तू घरी एकटी कामाला बसलेली असताना. तेव्हा हे तुलाच यायला हवं.

नेट गेलं रे गेलं की तुझं बोट सेटिंगमध्ये शिरतं आणि चार बटणं इकडची तिकडे होतात. ते आधी बंद कर. पहिल्यांदा घरात विचार, माझंच गेलंय की सगळ्यांचं? सासूबाईंच्या फोनवर यूट्यूब चालतंय का बघ, टीव्हीवर काही लागतंय का बघ. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी शेजारी विचारतो ना, तुमच्याकडे आहे का म्हणून? त्यांच्याकडे असलं तरच आपला कॉक उघडून बघतो. इथंही तेच करायचं.

कारण वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथंच होतो. तुझा फोन भिंतीवरच्या बॉक्सशी बोलतो, ते वायफाय. बॉक्स पुढं केबलवरून कंपनीशी बोलतो, ते इंटरनेट. फोनवर 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं दिसलं किंवा वायफायच्या खुणेशेजारी उद्गारचिन्ह आलं, तर फोन बॉक्सपर्यंत नीट पोचलाय, बहुतेक वेळा घोळ पुढं आहे. आणि 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' असं म्हणत फोन नुसता फिरत राहिला, तर बॉक्सशीच त्याचं जमत नाहीये.

सगळ्यांचंच गेलं असेल तर फोन खाली ठेव आणि बॉक्सपाशी जा. फायबरचं कनेक्शन असेल तर त्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर हवा, लॉस विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. कुठंतरी रस्ता खणला असेल, गच्चीवर केबल तुटली असेल, नाहीतर कपाट सरकवताना घरातच ती बारीक केबल दुमडली असेल. फायबरला काटकोनात मोडलेलं चालत नाही, आत काच असते. तेवढं बघ, वाकली असेल तर सैल कर, आणि तक्रार नोंदव. बाकी तुझ्या हातात काही नाही. केबलचं टोक काढून डोळ्यासमोर धरून बघायचं मात्र नाही. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नसतोच असं नाही.

दिवे ठीक आहेत आणि तरी नेट नाही, तर रिचार्ज संपलाय का बघ. हसू नकोस. अर्ध्या घरांतून प्लॅन नवऱ्याच्या नंबरवर असतो, मेसेज त्याच्या फोनवर येतो आणि तिथंच राहतो. तो नंबर बदलून तुझा करून घे, किंवा दोघांचे देता येत असतील तर दोन्ही दे.

रिचार्जही असेल तर बॉक्स बंद कर, अर्धा मिनिट थांब, चालू कर, आणि दोन-तीन मिनिटं त्याच्या वाटेला जाऊ नकोस. बरेच जण दिवे पूर्ण लागायच्या आत पुन्हा बंद-चालू करतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. बंद करायचा म्हणजे भिंतीवरच्या बटणानं. मागच्या बाजूला पिन घालायचं एक बारीक भोक असतं, त्याला हात लावू नकोस. त्यानं कंपनीनं भरलेली सगळी माहिती पुसली जाऊ शकते, मग त्यांचा माणूस येईपर्यंत घरात नेट नाही.

आता समज, सगळ्यांचं चालू आहे आणि फक्त तुझंच बंद. मग फोनकडे वळायचं, पण सोप्याकडून अवघडाकडे. विमानाची खूण दाबून दहा सेकंदांनी परत काढ. नाही झालं तर फोन बंद करून चालू कर. तरी नाही, तर वायफायच्या यादीत आपल्या नावावर जाऊन 'विसरा' म्हण आणि पासवर्ड घालून नव्यानं जोड. पण आधी पासवर्ड हातात घे, मग विसरायला लाव! बहुतेक बॉक्सच्या खाली स्टिकरवर तो छापलेला असतो, पण कुणी बदलला असेल तर ते स्टिकर काही कामाचं नाही. कुणाच्या जोडलेल्या फोनवर क्यूआर दिसत असेल तर तो स्कॅन केलास तरी काम होतं.

एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तारीख आणि वेळ. बॅटरी पूर्ण उतरून फोन दिवसभर पडून राहिला, किंवा पोरांनी गेमसाठी तारीख पुढं ढकलली, तर वायफाय जोडलेलं दिसतं आणि बँकेचं, ऑफिसचं एकही पान उघडत नाही. प्रत्येक सुरक्षित पानाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि चुकीच्या तारखेच्या फोनला वाटतं ती संपलीये, नाहीतर अजून सुरूच झालेली नाही. तारीख 'आपोआप' वर ठेवायची, बस.

मग व्हीपीएन. ऑफिसचं अ‍ॅप चालू राहिलं असेल तर ते बंद करून बघ. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाचं एक सेटिंग आहे. जाहिराती बंद होतात म्हणून कुणीतरी त्यात काहीतरी भरून देतं आणि सहा महिन्यांनी ती सेवा अडखळली की फोन जोडलेला असून मुका होतो. ते 'आपोआप' वर आण. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर तीही काढून बघ.

हे सगळं करून झालं तरच 'नेटवर्क सेटिंग रीसेट' कर. त्यानं तुझे फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅप यातलं काही जात नाही. साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, त्या परत घालायच्या. दुकानात गेलीस की तो म्हणेल, फॉरमॅट मारावा लागेल ताई. तो फॉरमॅट वेगळा, त्यात सगळंच जातं. वायफायसाठी तिथवर जायची वेळ यायला नको.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते, कारण तू म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे: हॉलमध्ये चालतं आणि बेडरूममध्ये दार लावून बसलं की तुटतं. म्हणजे फोन ठीक, कंपनीही ठीक. जागा चुकली. दिवाळीत आले होते तेव्हाच मी पाहिलं होतं, तुमचा बॉक्स कुठं आहे ते. शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, एका बाजूला माशांची टाकी आणि वर सासूबाईंनी हौसेनं विणलेला क्रोशाचा रुमाल. दिसायला छानच दिसतं. पण टीव्हीच्या मागचा पत्रा लहरी अडवतो, टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं, आणि रुमालानं बॉक्सची हवा कोंडून तो तापतो. जोडणाऱ्या माणसानं तो तिथं ठेवला, कारण केबल दारातून आली आणि पहिली जागा ती मिळाली. त्याला तुझ्या मीटिंगशी काय देणंघेणं?

बॉक्स घराच्या शक्य तेवढ्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर हवा. लोखंडी कपाटाच्या आड नको, मोठ्या आरशाच्या मागे नको, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून तर नकोच. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि वायफायचा जुना पट्टा २.४ चा, दोघं एकाच गल्लीतले. कुणी दुपारी भाजी गरम करायला लावली की तुझा व्हिडिओ अडकतो तो म्हणूनच. स्वयंपाकघर तुझ्या भिंतीला लागून आहे, तेव्हा आज दुपारी एकदा लक्ष ठेव.

त्या पट्ट्यांचं जरा समजून घे, कारण तुमच्या यादीत घरच्याच नावाची दोन वायफाय दिसतात आणि तू डोळे मिटून कुठलंही दाबतेस. एकाच्या शेवटी ५ असतं. ते ५ गिगाहर्ट्झचं. वेग भरपूर, पण भिंत आली की ढेपाळतं. दुसरं २.४ चं. वेग कमी, पण दोन भिंती पार करून येतं. हॉलमध्ये बसलीस तर ५ घे, बेडरूममध्ये २.४ घे. सासऱ्यांच्या फोनवर ते ५ वालं नाव दिसतच नाही, असं तू म्हणत होतीस. तो फोन बिघडलेला नाही गं, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना तो पट्टा दिलेलाच नसतो. आपल्या देशात ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग परवानामुक्त झाला तोच २०१८ मध्ये.

आणि २.४ मध्येही गर्दी असते. तुझ्या बिल्डिंगमध्ये यादी उघडली की शेजाऱ्यांची वीस नावं दिसतात ना? ते सगळे त्याच अरुंद पट्टीत बोलतायत. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जवळजवळ तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या बॉक्सचा चॅनल 'आपोआप' वर नसेल तर तसा करून घे, नाहीतर या तिघांतला मोकळा असेल तो निवड. आईकडे रत्नागिरीला हा त्रास नाही, आसपास कुणाचं वायफायच नाही. पण तिथं चिऱ्याच्या भिंती. माजघरात गेलं की ५ वालं पार नाहीसं होतं. तिथं मी दुसरा छोटा राउटर केबल ओढून आत बसवायला लावला. ते बिनकेबलचे रिपीटर मिळतात त्यांच्या भरीला पडू नकोस. जिथं मुळात रेंज नाही तिथं लावलास तर तो अर्धमेली रेंजच पुढं ढकलतो.

हे खरं की खोटं, हे स्वतः तपासता येतं. बॉक्सच्या शेजारी उभी राहून स्पीड टेस्ट कर, मग बेडरूममध्ये जाऊन कर. शेजारी चांगला आणि आत वाईट, तर जागा बदल. शेजारीसुद्धा वाईट, तर कंपनीला धर.

बाहेरच्या वायफायचंही थोडं सांगते. रेल्वे स्टेशनवरचं फुकट वायफाय, २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं ते, जोडल्यावर आधी एक पान उघडतं, नंबर घालायचा, ओटीपी घालायचा. ते पान आलंच नाही तर वायफाय बिघडलंय असं वाटतं. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस काढलंस की बहुधा येतं. अशा ठिकाणी गाणी ऐक, बातम्या वाच. पैशांचे व्यवहार आपल्या मोबाइल डेटावर.

घरीसुद्धा, वायफाय कुंथत असेल तर यूपीआय करताना ते बंद करून डेटावर ये. फोन कमजोर वायफायला चिकटून बसतो आणि पेमेंट मधेच लटकतं. लटकलं तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नकोस, आधी खात्यातून पैसे गेलेत का ते बघ. याच्या उलटही सांगून ठेवते. तुमच्या घरात टॉवर नीट येत नाही, कॉल कटतात. फोनच्या सिमच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू कर, तुझ्या कंपनीनं दिलं असेल तर कॉल घरच्या नेटवरून जातो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. आपल्याकडे हे २०१९ च्या अखेरीस आलं, आणि अजूनही किती जणांनी ते बटण दाबून पाहिलेलं नाही!

तक्रारीचा नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधलाच घे, गूगलवर शोधून पहिला दिसेल तो नाही. भामटे तिथं नंबर टाकून बसलेले असतात. आणि 'तुमचं कनेक्शन आज बंद होणार, हे अ‍ॅप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो' असा फोन आला तर ठेवून दे. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप टाकलंस की तुझे ओटीपीही त्याला दिसतात.

आज तक्रार नोंदव आणि तिचा क्रमांक लिहून ठेव. काय सांगायचं तेही ऐक: नेट चालत नाही, एवढंच म्हणू नकोस. पॉन हिरवा आहे, लॉस विझलेला आहे, बॉक्सजवळ वेग इतका आणि बेडरूममध्ये इतका येतो, असं सांग. मग ते तुला बॉक्स बंद-चालू करायला लावून कटवत नाहीत. माणूस येईल तेव्हा बॉक्स शोकेसमधून काढून पॅसेजच्या भिंतीवर घ्यायचाय, हे त्याला फोनवर आधीच सांग, म्हणजे तो लांब केबल घेऊन येईल. जादा केबलचे वेगळे पैसे मागेल, ते दे. नव्या फोनपेक्षा फार स्वस्तात सुटशील. सासूबाईंचा रुमाल टीपॉयवर घाल.