घरची कार्यशाळा : हत्यारांची निवड आणि वापर

कपाटाचे बिजागर निखळले, सायकलचा नट घट्ट बसला किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी लाकडी स्टँड हवा झाला, की "हे आपल्यालाच करता येईल का?" असा विचार तुमच्या मनात येत असेल. जरूर येईल! मात्र त्यासाठी योग्य हत्यार निवडता आले पाहिजे. पुष्कळ जण हौसेने आधी विजेचे ड्रिल विकत आणतात आणि गुण्या व पकड शेजाऱ्यांकडून मागून घेतात. हा क्रम उलटा आहे. तो का, ते आपण पाहू.

हत्यार म्हणजे विज्ञानाचा नियम

पान्याने नट फिरवताना पाना टोकाशी धरला, तर कमी जोर लागतो. ही तरफच आहे. लांबी दुप्पट केली की निम्मा जोर पुरतो. पण याच कारणाने लहान नटावर लांब पाना वापरला, तर आटे सहज तुटतात. हातोडीही दांड्याच्या टोकाशी धरावी. तसे केल्याने तिचे डोके मोठ्या कमानीतून फिरते आणि त्याचा वेग वाढतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. स्क्रू ड्रायव्हर निवडताना त्याचे टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसते की नाही हे पाहावे. टोक अरुंद असेल तर ते खाचेच्या कडा कुरतडते, आणि मग तो स्क्रू कोणालाच काढता येत नाही.

दात मोजून पाते निवडा

लोखंड कापायच्या हॅकसॉचे पाते विकत घेताना दुकानदाराला "दात किती?" असे जरूर विचारा. ही पाती साधारणपणे एका इंचात १८, २४ किंवा ३२ दात अशी मिळतात. कापताना धातूच्या जाडीत एकाच वेळी किमान दोन आणि शक्यतो तीन दात असले पाहिजेत.

समजा, २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नळी कापायची आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. १८ दातांच्या पात्यात दोन दातांमधील अंतर सुमारे १.४ मिमी येते. म्हणजे २ मिमी जाडीत जेमतेम दीड दात बसेल! दोन दातांमधल्या फटीत नळीची कड अडकते आणि दात मोडतात. ३२ दातांच्या पात्यात हे अंतर ०.८ मिमी असते, म्हणून जाडीत अडीच दात बसतात. या कामाला तेच पाते घ्यावे. पाते लावताना दातांची टोके पुढच्या दिशेला हवीत. पुढे ढकलताना जोर द्यावा, मागे घेताना देऊ नये. मिनिटाला साधारण ५० हेलकावे पुरेत; घाई केली तर पाते तापून लवकर झिजते.

बोथट हत्यार अधिक घातक

धारदार पटाशीपेक्षा बोथट पटाशी सुरक्षित, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. धार बारीक असली की थोडे बल अगदी लहान क्षेत्रफळावर पडते, दाब वाढतो आणि लाकूड सहज कापले जाते. धार बोथट झाली की आपण जोर वाढवतो. मग पटाशी एकदम निसटते आणि तो सगळा जोर समोर जो येईल त्याच्यावर पडतो. म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात : पटाशीला वरचेवर धार लावावी आणि दुसरा हात कधीही तिच्या पुढे ठेवू नये.

ग्राइंडरवर धार लावत असाल, तर पटाशी वारंवार पाण्यात बुडवा. साध्या कार्बन पोलादाची कड निळी पडली, की तिचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असे समजावे. अशा कडेचा कठीणपणा कमी होतो आणि तिची धार टिकत नाही.

यंत्राचा वेग ओळखा

आता विजेच्या ड्रिलकडे वळू. मी नववीत असताना घडलेला प्रसंग सांगतो. पत्र्याचा एक तुकडा मी डाव्या हाताने दाबून धरला होता आणि उजव्या हाताने ड्रिल चालवत होतो. बिट पत्र्यातून आरपार जायच्या क्षणी पत्रा हातातून हिसकला गेला आणि गरगर फिरला. अंगठ्याला पडलेल्या जखमेचा व्रण आजही आहे.

असे का झाले? आरपार जाताना बिटाच्या तोंडाशी पत्र्याचा पातळ पापुद्राच उरतो. बिटाच्या कडा तो कापण्याऐवजी त्यात अडकतात आणि बिट स्क्रूसारखे आत शिरू पाहते. पत्रा बिटाबरोबर फिरू लागतो. २० सेंमी लांबीचा पत्रा मिनिटाला १००० फेरे फिरला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक होतो. ही तर फिरती सुरीच! म्हणून पत्रा नेहमी लाकडी फळीवर ठेवून क्लॅम्पने आवळावा आणि शेवटी दाब कमी करावा.

यंत्रावर काम करताना हातमोजे, सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस नकोत, कारण फिरते बिट ते गुंडाळून हातालाच ओढून घेते. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच. चकची चावी सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावी. बिट बदलताना प्लग काढावा.

यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल, तर त्याला दुहेरी विद्युतरोधन असते. अशी खूण नसलेल्या धातूच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतले अर्थिंग आवश्यक आहे. तिसरी पिन कापून काम भागवू नका. आत वायर सुटून धातूच्या कवचाला लागली, तर वीजप्रवाहाला तुमच्या शरीरातून जमिनीत जाण्याचा मार्ग मिळेल. विजेचे यंत्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच चालवावे.

खरेदीचा क्रम

प्रथम मोजपट्टी, गुण्या आणि गॉगल घ्या. नंतर हातोडी, पकड, दोन-तीन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, हॅकसॉ, कानस आणि करवत. त्यानंतर वस्तू घट्ट धरण्यासाठी क्लॅम्प किंवा शेगडा, म्हणजेच व्हाइस. मग हाताने फिरवायचे ड्रिल. विजेचे यंत्र सर्वांत शेवटी. हाताच्या हत्याराने चूक हळूहळू होते. ती कळते आणि सुधारता येते. यंत्र तीच चूक क्षणार्धात करून मोकळे होते.

करून पाहा

साधे पोलाद कापताना हायस्पीड पोलादाच्या बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर ठेवतात. बिटाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेतला, तर मिनिटाचे फेरे = (२५ × १०००) ÷ (३.१४ × व्यास). १० मिमी बिटासाठी हे उत्तर सुमारे ८०० येते. ५ मिमी बिटासाठी किती येईल? आधी अंदाज करा, मग गणित मांडा. (उत्तर : सुमारे १६००.) बिट जितके जाड, तितके फेरे कमी हवेत, हे यावरून ध्यानात येईल.

शिक्षकांनी वर्गात हॅकसॉची दोन वेगवेगळी पाती आणून मुलांकडून एका इंचातले दात मोजून घ्यावेत, आणि कोणती नळी कोणत्या पात्याने कापावी हे त्यांनाच ठरवू द्यावे.