वलगणीला जाताना काय घालावे?

मृग नक्षत्र लागते. पहिला जोराचा पाऊस पडतो. ओढे वाहू लागतात. शेते पाण्याने भरतात. मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. हीच वलगण. बांधांवरच्या बिळांतून मुठे बाहेर येतात. मग वडखळच्या आसपासच्या गावांत कोण घरी बसतो? बॅटरी, कोयता, पाग घेऊन माणसे रात्री बाहेर पडतात.

पूर्वी कोकणात रानातली शिकारही होत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. ससा, भेकर मारणे हा आज गुन्हा आहे. वलगण मात्र चालू आहे.

मासा कसा धरावा, हे आम्ही तुम्हांला काय शिकवणार? ते तुम्हीच आम्हांला शिकवाल. पण अंगावर काय घालावे, याचा विचार फार थोडे लोक करतात. त्यापायी कोणी तापाने पडतो, कोणाला जनावर चावते. म्हणून आज तेवढेच पाहू.

घाम आणि पाऊस

जूनमध्ये उकाडा असतो. हवेत ओल भरलेली असते. अंगावरचा घाम वाळला, तर अंग थंड होते. ओल्या हवेत तो लवकर वाळत नाही. त्यावर प्लॅस्टिकचा कोट घट्ट बंद केला, की घाम आतच कोंडतो.

हे करून पाहा. एक हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि थोडा वेळ थांबा. हात आतून ओला होईल. पाऊस न पडताही माणूस असा भिजतो!

पुढे वारा सुटतो. सर येते. आता तेच ओले अंग कुडकुडू लागते. उकाडा आणि गारठा एकाच रात्री भेटतात. म्हणून एकच जाड कपडा नको. पातळ कपडे एकावर एक घाला. वरचा कपडा पटकन काढता आला पाहिजे.

तीन कपडे

पहिला, अंगालगतचा. क्रिकेटच्या सामन्यात मिळालेला टी-शर्ट घरोघरी असतो. तो पातळ असतो, लवकर वाळतो. तो चालेल. सुती बनियन घाम शोषते, पण भिजली की लवकर वाळत नाही.

दुसरा, लांब बाह्यांचा सैल सदरा. त्याने डास चावत नाहीत. काटे ओरबाडत नाहीत. आपल्या बाया लावणीला साडीवर जुना सदरा घालतात, ते शहाणपणाचेच आहे. खाली सैल, पातळ पायजमा किंवा पँट घाला. जीन्स नको. ती भिजली की जड होते आणि पाय उचलत नाही.

तिसरा, पावसाचा. चालताना कोटाची बटणे उघडी ठेवा. सर आली की लावा. इरले आठवते ना? बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे ते इरले. त्याने पाठ कोरडी राहते, खालून वारा खेळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रात्री ओढ्यात ते अडचणीचे होईल. पण वारा खेळू द्यावा, हा त्याचा धडा घ्यावा.

पायांत काय?

अनवाणी जाऊ नका. बांधावर फुरसे, घोणस असते. साप बहुधा पायालाच चावतो. बांधावरून चालताना गमबूट घाला. पण वाहत्या पाण्यात गमबूट घालून उतरू नका. त्यात पाणी भरते आणि पाय ओढला जातो. पाण्यात नाडीचे कापडी बूट बरे. पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर उतरूच नका.

बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटका. आत विंचू असू शकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. त्यांना 2022 साली पद्मश्री मिळाली. तरी विंचू न चावलेला बरा!

साप चावलाच, तर कापू नका, करकचून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. पाय हलवू न देता माणसाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे.

पाण्यातला ताप

उंदरांचे आणि गुरांचे मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळते. त्यातून लेप्टो नावाचा ताप येतो. त्याचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या तापाची साथ आली होती. पायाला जखम असेल, तर त्या रात्री पाण्यात जाऊ नका. साधारण 5 ते 14 दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना सांगा, "मी वलगणीला गेलो होतो." एवढ्या एका वाक्याने रोग लवकर ओळखता येतो.

रंग कोणता?

वडखळला मुंबई–गोवा महामार्ग आहे. अलिबागचा फाटाही इथेच फुटतो. रात्री, पावसात, काळ्या कपड्यांतला माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. म्हणून सदरा पांढरा किंवा पिवळा घाला.

परत आल्यावर

एक कोरडा जोड आणि पंचा पिशवीत बांधून न्या. ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसायचं नाही. साबणाने पाय धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मासे कोण साफ करणार, ते मग ठरवा!

लक्षात ठेवा

कपडे थोडे, सैल आणि पातळ. बूट झटकलेला. सदरा उजळ रंगाचा. कोरडा जोड जवळ.

प्रश्न

1. बंद कोटात पाऊस नसतानाही अंग का भिजते?
2. गमबूट कुठे घालावा? कुठे घालू नये?
3. वलगणीनंतर ताप आला, तर डॉक्टरांना काय सांगाल? ते वाक्य वहीत लिहा.
4. तुमच्या घरातले कोणते जुने कपडे वलगणीला चालतील? त्यांची यादी करा.