साचेबद्ध प्रतिमा आणि सूरह हुजुरातची शिकवण




सूरह हुजुरात ही अवघ्या अठरा आयतींची सूरह आहे. तिच्या सहाव्या आयतीत अल्लाह श्रद्धावंतांना बजावतो की, एखादा बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि मग पश्चात्ताप करत बसाल. अकराव्या आयतीत एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करण्यास व एकमेकांना वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. बाराव्या आयतीत बदगुमानी, पाळत आणि पाठीमागची निंदा यांपासून दूर राहण्याचा आदेश आहे. तेराव्या आयतीत सर्व मानवजातीला सांगितले आहे की, तुम्ही सारे एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण झाला आहात. कुळे आणि वंश आहेत ते परस्परांची ओळख पटावी म्हणून, आणि अल्लाहजवळ श्रेष्ठ तोच, ज्याच्या अंगी तक्वा अधिक.

आपण या आयती बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील किंवा भावा-भावांतील कलहापुरत्या वाचतो. परंतु सहाव्या आणि अकराव्या या दोन्ही आयतींत ‘कौम’ हा शब्द आला आहे. म्हणजे हा आदेश जसा व्यक्तीला आहे, तसाच समाजालाही आहे. एखाद्या समाजाने तो मोडला तर काय घडते, याचे एक सविस्तर उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेथील कृष्णवर्णीयांना ज्या साच्यात कोंबले गेले, तो साचा कसा तयार झाला हे आज आपण पाहू. हा विषय आपल्या घराशी कसा जोडलेला आहे, त्याकडे शेवटी येऊ.

थट्टा

१८३० च्या सुमारास थॉमस राईस नावाच्या गोऱ्या नटाने जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासली, फाटके कपडे चढवले आणि एका कृष्णवर्णीय माणसाचे सोंग रंगभूमीवर आणले. पात्राचे नाव होते जिम क्रो. वेडेवाकडे नाचणारे, मोडकेतोडके बोलणारे ते पात्र पाहून लोक पोट धरून हसले. पुढे अशा सोंगांचे खेळ, ज्यांना ‘मिन्स्ट्रेल शो’ म्हणत, शहरोशहरी होऊ लागले. त्यांतला काळा माणूस नेहमी आळशी, भित्रा, बालिश आणि गुलामीतच सुखी असे.

हे खेळ रंगात आले होते, तेव्हा त्याच देशात लाखो माणसे गुलाम होती. १८६० मध्ये त्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. मळ्यावर राबणारा गुलाम ज्यांनी कधी जवळून पाहिलाही नव्हता, अशा प्रेक्षकांना तो या सोंगातून ‘कळला’. जो गुलामीतच सुखी आहे, त्याला मुक्त कशाला करायचे, असे म्हणण्याची सोय त्या हास्याने करून दिली. १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांनी काळ्यांसाठी शाळा, रेल्वेचे डबे, पाण्याचे नळ वेगळे करणारे कायदे केले. त्या कायद्यांना लोकांनी नाव दिले ‘जिम क्रो’. एका विनोदी पात्राचे नाव अशा रीतीने अन्यायी कायद्यांना चिकटले, आणि ते कायदे १९६० च्या दशकापर्यंत टिकले.

या थट्टेत किती असत्य होते, हे उमर इब्न सैद यांच्या चरित्रावरून कळते. पश्चिम आफ्रिकेतील फूता तोरो येथे जन्मलेले उमर यांनी अनेक वर्षे धार्मिक शिक्षण घेतले होते. त्यांना पकडून १८०७ मध्ये जहाजाने अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरात आणून विकण्यात आले. उर्वरित आयुष्य त्यांनी गुलामीतच काढले. १८३१ मध्ये त्यांनी अरबीत आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचा आरंभ सूरह मुल्कने होतो. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहे. ज्यांना अडाणी आणि बालिश म्हणून रंगभूमीवर नाचवले जात होते, त्यांच्यात कुरआन मुखोद्गत असणारी माणसे होती. अकराव्या आयतीतच म्हटले आहे की, ज्यांची थट्टा केली जाते ते थट्टा करणाऱ्यांहून उत्तम असू शकतात.

नाव

थट्टेनंतर येते नाव ठेवणे. दक्षिणेत पन्नाशीच्या कृष्णवर्णीय पुरुषालाही ‘बॉय’, म्हणजे पोरगा, अशी हाक मारली जाई. वय झाले की तो ‘अंकल’ आणि ती ‘आंटी’ होई. परंतु गोऱ्यांना लावली जाणारी ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ ही आदराची पदवी त्यांच्या वाट्याला येत नसे. नात्याच्या शब्दाने आपुलकी दिसे आणि प्रतिष्ठा मात्र नाकारली जाई. १८८९ पासून अमेरिकेत ‘आंट जेमायमा’ या नावाने धिरड्यांसारख्या पॅनकेकचे तयार पीठ विकले जाऊ लागले. त्यावर हसऱ्या काळ्या स्वयंपाकिणीचे चित्र होते, आणि ते नाव मिन्स्ट्रेल गाण्यातून उचललेले होते. ते नाव २०२१ मध्ये बदलले. म्हणजे १३० हून अधिक वर्षे अमेरिकन मूल सकाळच्या न्याहारीला शिकत राहिले की काळी स्त्री म्हणजे दुसऱ्याच्या घरची चाकर.

चित्रपटांनी हाच साचा पुढे चालवला. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटात हॅटी मॅकडॅनियल यांनी घरातील दासीची भूमिका केली आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. परंतु पुरस्काराच्या रात्री त्यांना सहकलाकारांसोबत नव्हे, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले. आयुष्यभर त्यांच्या वाट्याला मोलकरणीच्याच भूमिका अधिक आल्या.

संशय

साच्याची दुसरी बाजू याहून भयंकर आहे. काळा माणूस जोवर खाली मान घालून राबतो तोवर तो भोळा. मान वर केली की तो धोकादायक. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटात काळ्या पुरुषाला स्त्रियांच्या अब्रूवर टपलेला पशू म्हणून दाखवले गेले; ती भूमिका काजळी फासलेल्या गोऱ्या नटाने केली होती. काळ्यांवर अत्याचार करणारी ‘कू क्लक्स क्लॅन’ ही टोळी त्यात तारणहार ठरली. हा चित्रपट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला, आणि मोडून पडलेली ती टोळी त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली.

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका गोऱ्या तरुणीवर पाशवी अत्याचार झाला. पोलिसांनी १४ ते १६ वयाची पाच मुले पकडली. चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. वृत्तपत्रांनी त्यांना लांडग्यांची टोळी ठरवले. खटला उभा राहण्यापूर्वीच, घटनेनंतर थोड्याच दिवसांत, डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली. पाचही मुलांना शिक्षा झाली. २००२ मध्ये दुसऱ्याच एका कैद्याने गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए जुळला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. तोवर त्यांची उमलती वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांपैकी युसुफ सलाम हे आपले मुस्लिम बंधू अटकेच्या वेळी १५ वर्षांचे होते. २०२३ मध्ये त्याच शहराच्या नगर परिषदेवर हार्लेमच्या जनतेने त्यांना निवडून दिले.

सहाव्या आयतीतील इशारा येथे शब्दशः खरा ठरतो: शहानिशा झाली नाही, इजा झाली, आणि पश्चात्तापाची वेळ तेरा वर्षांनी आली.

संशय नेहमीच इतक्या मोठ्या आवाजात बोलत नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. छातीभर पाण्यातून खाण्याचे सामान नेणाऱ्या काळ्या तरुणाच्या छायाचित्राखाली तो दुकान लुटून आल्याचे छापले गेले. तसेच सामान नेणाऱ्या गोऱ्या जोडप्याच्या छायाचित्राखाली त्यांना ते दुकानात सापडल्याचे छापले गेले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन व शिकागो येथे नोकरीसाठी सुमारे ५,००० अर्ज पाठवले. पात्रता सारखीच होती. फरक होता तो फक्त नावांचा. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्या अर्जांना सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. भाड्याने घर शोधताना नाव सांगताच समोरच्याचा आवाज बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी ज्यांनी घेतला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

साचा मनात शिरतो तेव्हा

सर्वांत मोठी हानी अजून सांगायची आहे. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. त्यानंतर ‘तुझ्यासारखी कोणती?’ या प्रश्नावर काही मुले रडू लागली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाची दखल घेतली. जगाने रोज दाखवलेली प्रतिमा मूल शेवटी स्वतःची म्हणून स्वीकारते.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. माल्कम एक्स यांनी अन्याय भोगला होता, आणि ज्या संघटनेत ते घडले तिची शिकवण होती की गोरा वंशच सैतान आहे. हाही एक साचाच होता. १९६४ मध्ये ते हजला गेले. तेथे गोऱ्या कातडीच्या मुसलमानांनी त्यांना आपल्या ताटात जेवू घातले, शेजारी झोपायला जागा दिली. मक्केहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले मत बदलल्याचे जाहीरपणे मान्य केले. अन्यायाविरुद्ध ते त्यानंतरही तितक्याच त्वेषाने बोलत राहिले. परंतु संपूर्ण वंशाला दोषी ठरवणे त्यांनी सोडले. अत्याचार सोसलेल्या माणसाने असे करणे किती कठीण असते, याचा आपण विचार करावा.

अबू जर (रजि.) यांची तौबा

सहीह बुखारीत हजरत अबू जर (रजि.) स्वतःच सांगतात की, त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. अन्य रिवायतींनुसार ते हजरत बिलाल (रजि.) होते आणि टोमणा आईच्या काळेपणाचा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की, तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. लक्षात घ्या, अबू जर (रजि.) हे अगदी आरंभी ईमान आणणाऱ्यांपैकी होते. म्हणजे ईमान असलेल्या मनातही जाहिलियतचा एखादा कण उरू शकतो. त्यांनी मात्र सबब सांगितली नाही. पुढे लोकांनी पाहिले की त्यांच्या अंगावर जसे वस्त्र आहे, तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर आहे. त्यांची तौबा त्यांच्या कपड्यांत दिसत होती.

आपले घर

आता स्वतःकडे वळू. आपल्या बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द कसा येतो? कुणाच्या रंगावरून, कुणाच्या खाण्यावरून हिणवण्यासाठी. हबशा ही ती भूमी आहे, जिथल्या नजाशी राजाने मक्केतून परागंदा झालेल्या सहाबांना आश्रय दिला. हबशी होते मलिक अंबर, जे गुलाम म्हणून विकले गेले आणि निजामशाहीचे वजीर झाले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवून त्यांनी तेथे नहरीने पाणी आणले. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याच कोकणातले. ज्या शब्दाचा अभिमान वाटावा, त्याची आपण शिवी केली.

एक गोष्ट कबूल करतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या मशिदीत इमामत करत होतो, तेथे शिक्षणासाठी सुदानहून आलेला एक तरुण नमाजला येई. एका जुमाला कुणाचा तरी मोबाइल सापडेना. मी माइकवरून विचारणा केली, आणि दोघा-तिघांच्या नजरा शेवटच्या सफमध्ये बसलेल्या त्या तरुणाकडे वळल्या. माझीही वळली. त्याने ते पाहिले आणि मान खाली घातली. थोड्याच वेळात मोबाइल वजूखान्याच्या कट्ट्यावर सापडला. तोंडाने कुणी काही बोलले नव्हते, म्हणून कुणी माफीही मागितली नाही, मीसुद्धा नाही. तो आणखी काही जुमा आला आणि मग दिसेनासा झाला. अबू जर (रजि.) यांची हदीस मी मदरशात उस्तादांसमोर वाचली होती. तरीही माझी नजर वळली. त्या तरुणापूर्वी एकाही सुदानी माणसाशी माझी ओळख नव्हती. मग तो संशय आला कोठून? विद्यार्थिदशेत पाहिलेल्या अमेरिकन चित्रपटांतून. त्यांत काळा चेहरा पडद्यावर आला की पाठोपाठ चोरी किंवा बंदूक येई. शेकडो वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडात घडवलेला साचा माझ्या मशिदीत, माझ्या डोळ्यांत होता.

म्हणून तीन गोष्टी आजपासून करू. पहिली, रंगावरून ठेवलेली नावे घरातून हद्दपार करू. मुलगी पाहायला जाताना रंगाची चौकशी करणेही त्यातच आले. दुसरी, मुलांबरोबर चित्रपट वा मालिका पाहताना त्यांना विचारू की, यातला चोर नेहमी असाच का दिसतो? आपल्या समाजाला पडद्यावर जसे रंगवतात ते आपल्याला खुपते. मग दुसऱ्यालाही खुपत असेल, हे मुलांना त्यातून कळेल. तिसरी, कोणत्याही समूहाविषयीचा संदेश मोबाइलवर आला तर शहानिशेशिवाय पुढे पाठवू नये. ऐकलेले सर्व काही पुढे सांगत सुटणे, एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे.

आणि ज्याच्याकडे आपली नजर अशी वळली असेल, तो अजून भेटण्याजोगा असेल, तर त्याला गाठून माफी मागावी. मला ती संधी उरली नाही; तुम्हाला असेल.

हे अल्लाह, आमच्या जिभा थट्टेपासून, आमची मने बदगुमानीपासून आणि आमच्या नजरा अन्यायापासून पाक ठेव. आमच्यातील जाहिलियतचा उरलासुरला अंश आम्हाला दाखव आणि तो टाकून देण्याचे बळ दे. आमीन.