कृष्णाकाठचा पुरावा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईमार्गे कराडला येते, तेथे प्रीतिसंगमावर कोयनेला आणि पुढे सांगलीलगत हरिपूरला वारणेला पोटात घेते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तिच्या काठांवर ऊस, साखर कारखाने, आसवन्या आणि वाढती गावे यांची इतकी दाटी आहे की, पाणी काळवंडणे आणि मासे मरणे या गोष्टी येथील लोकांना आता नवीन राहिलेल्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात असाच मेलेल्या माशांचा खच काठाला लागला होता. अशा वेळी संताप उसळतो आणि तो रास्तही असतो. परंतु माशांची पाटी कार्यालयाच्या दारात ओतल्याने दोषी सिद्ध होत नाही, हा धडा नदीकाठाने बराच कडू अनुभव घेऊन गिरवला आहे.

मासे बहुधा विषाने नव्हे, तर गुदमरून मरतात. सेंद्रिय घाण पाण्यात मिसळली की ती कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. त्यांना किती प्राणवायू लागेल, याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायू मागणी म्हणतात आणि भारतात ती २७ अंश तापमानाला तीन दिवसांत मोजली जाते. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी या मागणीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, तर काठावरचे लोक ज्याला सरसकट ‘मळीचे पाणी’ म्हणतात, त्या आसवनीतील प्रक्रिया न केलेल्या द्रवात ती हजारोंच्या घरात असते. माशांना लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकीकडे गाळप हंगाम चालू असतो आणि दुसरीकडे कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घातलेले असल्याने पाणी तुंबून असते. त्यातही पहाटे, रात्रभर पाणवनस्पतींनीही प्राणवायू घेतल्यावर, तो सर्वांत कमी उरतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड वर काढून धापा टाकू लागतात. भोई आणि इतर मासेमार ही खूण सर्वांआधी ओळखतात. खच पडेपर्यंत मात्र घाणीचा लोंढा पुष्कळदा पुढे सरकलेला असतो, आणि मासे जेथे बंधाऱ्याला अडकून दिसतात, ती जागा उगमाची असेलच असे नाही.

येथेच कायद्याशी गाठ पडते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याचे कलम २४ प्रवाहात प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई करते. परंतु कारखान्याच्या सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जावा यासाठी कलम २१ ने ठरवलेली रीत पाळावी लागते. नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृत व्यक्तीने घ्यायचा, विश्लेषणाच्या हेतूची नोटीस तेथेच द्यायची, मागणी झाल्यास नमुन्याचे दोन भाग करायचे, भांडी मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्यायच्या. सद्भावनेने भरून नेलेली बिसलरीची बाटली या कसोटीला उतरत नाही. तिचा उपयोग वर्तमानपत्राच्या छायाचित्रापुरता, आणि फार तर अधिकाऱ्याला जागेवर आणण्यापुरता.

म्हणून ज्यांना हे काम जमले आहे, ते मासे तरंगण्याची वाट पाहत नाहीत. रंग किंवा वास बदलताच ते वेळ, ठिकाण आणि प्रवाहाची दिशा लिहून ठेवतात, स्थळाची नोंद करणाऱ्या मोबाइलने छायाचित्रे घेतात, वरच्या अंगाला चालत जाऊन पाणी स्वच्छ कोठपर्यंत आहे ते पाहतात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सातारा किंवा सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतात. दूरध्वनीवर झालेल्या बोलण्याचा काही महिन्यांनी मागमूस राहत नाही, पोच मात्र राहते. पंचनाम्यासाठी दोन माणसे आधी ठरवून ठेवावीत, मत्स्यव्यवसाय विभागाला बोलवावे, ताजे मेलेले मासे तपासणीसाठी बर्फात ठेवावेत. ते खाणे किंवा विकणे सर्वथा टाळावे. टाकी फुटून किंवा अपघाताने घाण नदीत गेली, तर कलम ३१ नुसार ते तत्काळ कळवण्याची जबाबदारी प्रकल्पचालकाची आहे, ही गोष्ट तक्रारीत मुद्दाम लिहावी. माहिती अधिकारात कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत आणि त्या दिवसाची ऑनलाइन सांडपाणी मापनाची नोंद मागता येते. साखर आणि आसवनी हे दोन्ही केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषक सतरा उद्योगांच्या यादीत असल्याने त्यांना अशी यंत्रणा बसवावी लागते आणि तिच्या नोंदीवर वेळ असते. संताप आणि घड्याळ यांत निवड करायची झाल्यास घड्याळ निवडावे, इतके तरी या विषयात नक्की म्हणता येते.

मुदतीचे भान नसल्याने कितीतरी चांगल्या तक्रारी वाया जातात. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे पर्यावरणविषयक वाद नेण्यासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, तर नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे असतात आणि सबळ कारण असल्यास साठ दिवसांची सूट मिळू शकते. जल अधिनियमाखाली नागरिकाला स्वतः फौजदारी तक्रार करायची असेल, तर मंडळाला आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते.

कारखान्यांकडे बोट दाखवताना शहराचे सांडपाणी कृष्णेत आणणारा सांगलीचा शेरी नाला मात्र सहज विसरला जातो. तेथे कलम २१ चा उपयोग मर्यादित आहे, कारण नाल्याला येऊन मिळणारी नळकांडी असंख्य आहेत. ज्या गावांत गटार सरळ ओढ्याला सोडलेले आहे, तेथे शोषखड्डा खणावा, मैल्याचा टँकर कोठे रिकामा होतो हे ग्रामसभेत विचारावे, निर्माल्य पाण्याऐवजी खतखड्ड्यात टाकावे. ही कामे ग्रामपंचायतीच्या ठरावाने होतात, त्यांना न्यायालय लागत नाही.

शेवटी या निरीक्षणांच्या नोंदवहीविषयी एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. तीत केवळ बिघडलेले दिवस असू नयेत. ऑक्टोबरात बरगे घालण्यापूर्वी वाहत्या पाण्याचा रंग, खोली आणि दिसणारे मासे यांची आठवड्याला एक ओळ लिहून ठेवली, तर मार्चमध्ये बदल झाला तो कशाच्या तुलनेत, या विरुद्ध पक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर तयार असते.