रंगाची गन धुता येते का?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. विट्याहून, कोरेगावहून, जतहून. प्रश्न एकच असतो. "सर, वालचंदला कॉम्प्युटर बसत नाही. मग पुण्यात कुठंतरी मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ का?" कुठंतरी म्हणजे कुठं, हे विचारणाऱ्या वडिलांनाही सांगता येत नाही. शाखेच्या नावात एआय असलं म्हणजे झालं.

घेऊ नका. रान गहाण टाकून तर मुळीच नको. सांगलीचं वालचंद 1947 चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. तिथं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल मिळत असेल तर मुकाट्यानं घ्या. कोणी न सांगता मुलगा रात्र-रात्र प्रोग्राम लिहीत बसत असेल तर गोष्ट वेगळी, पण असा मुलगा असलेल्या घरातून मला सहसा फोन येत नाही. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर किती वर्षं देणार तो आकडा आधी कागदावर लिहा.

या सगळ्यापलीकडेही एक वाट आहे. ती सांगायला आज मला एका बादलीबद्दल बोलायचंय.

गेल्या वर्षी एका छोट्या पेंट शॉपमध्ये गेलो होतो. शिफ्ट संपत आलेली. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा कापलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये थिनर ओतून इलेक्ट्रोस्टॅटिक गन त्यात बुडवून धूत होता. हातात रबरी मोजे, पायात स्लिपर, खिशात मोबाइल. विचारलं, हाय व्होल्टेज बंद केलंस का? "ट्रिगर सोडलाय की, सर." हे शिकवलं कोणी? "आधीच्या पोरानं."

ही गन रंगाच्या बारीक कणांना विजेचा भार देते, त्यामुळे रंग जॉबकडे, म्हणजे रंगवायच्या वस्तूकडे, ओढला जातो आणि कमी वाया जातो. त्यासाठी गनच्या टोकाशी कित्येक हजार व्होल्ट लागतात, काही गनमध्ये एक लाखापर्यंत. करंट मात्र मायक्रोअँपिअरमधला. म्हणून पोरं "जरा मुंग्या येतात" म्हणून हसण्यावारी नेतात. पण थिनरची वाफ पेटायला मुंग्या येण्याइतकीही ठिणगी लागत नाही, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते.

नीट धुणं असं असतं. हाय व्होल्टेज युनिटवरच बंद करायचं, हवेचा आणि रंगाचा दाब उतरवायचा, गनचं टोक अर्थ केलेल्या धातूला टेकवून उरलासुरला भार काढायचा. एक्झॉस्ट चालूच ठेवायचा. थिनर पत्र्याच्या बादलीत घ्यायचा आणि त्या बादलीला अर्थिंगची वायर लावायची, कारण प्लॅस्टिकमध्ये साठलेल्या भाराला निघून जायला वाटच नसते. गन बुडवायची नाही. टोक खाली धरून मऊ ब्रशनं घासायचं, नाहीतर थिनर हवेच्या आणि विजेच्या भागांत शिरतो आणि महागडी गन आतून निकामी होते. रंग मारताना साधे रबरी मोजे चालत नाहीत. माणूस गनच्या मुठीतून अर्थ होतो, म्हणून तळहात मुठीला लागायला हवा किंवा मोजे वीज वाहून नेणारे हवेत. बुटांचंही तेच. घड्याळ, अंगठी, खिशातली नाणी बाहेर ठेवायची.

मग तपासणी. माणूस ते अर्थ, जॉब टांगायचा हँगर ते अर्थ, असा रेझिस्टन्स मेगर या यंत्रानं मोजायचा. तो 1 मेगाओमच्या आत यायला हवा. हँगरवर रंगाची पुटं चढली की जॉबला अर्थ मिळत नाही, कोपऱ्यात रंग धरत नाही, प्रसंगी ठिणगीही उडते, आणि सुपरवायझर शिव्या देतो रंग बनवणाऱ्याला. गन, केबल, होज यांचा रेझिस्टन्स मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून वहीत लिहायचा. मॅन्युअल असतं इंग्रजीत आणि तेही ऑफिसच्या कपाटात. ते वाचून चार पोरांना मराठीत समजावणारा माणूस शॉपला हवा असतो. ही नोकरी मला तुमच्या मुलासाठी दिसते.

त्यासाठी लांब जायला नको. किर्लोस्करवाडीत 1910 पासून लोखंडाचं काम चाललंय. महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया स्कूटर साताऱ्यात बनत होती. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला तर एशियन पेंट्सचा रंगाचाच कारखाना आहे. कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळ, कुठल्याही एमआयडीसीत जा, लोखंडाची वस्तू रंग लागल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन कोर्स दोन वर्षांचा. पुढं अप्रेंटिसशिप, तीही पेंट शॉपच्या मेंटेनन्समध्ये मागून घ्या. रसायनशास्त्राची ओढ असेल तर मुंबईच्या आयसीटीत आणि नागपूरच्या एलआयटीत रंगतंत्रज्ञानाची पदवी आहे. डिप्लोमा किंवा पदवीनंतर अनुभव घेऊन औद्योगिक सुरक्षेचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमाही करता येतो, त्यावर सुरक्षा अधिकारी होता येतं. कारखाने अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती 1,000 कामगारांपासून होती. कामगार सुरक्षेच्या 2020 च्या संहितेनं ती 500 वर आणली, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर.

हे ऐकून तासगावच्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे पोरगं रंगारी होणार?" सोयरीक जुळवताना काय सांगायचं, ही खरी काळजी. मुलगा शेजारीच बसला होता. माझ्यासमोरच्या अर्ध्या तासात त्याला एकदाही कोणी काही विचारलं नाही. मीच विचारलं तेव्हा कळलं, घरची बोअरची मोटर तोच दुरुस्त करतो.

कामात धोके आहेत, ते लपवत नाही. टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांच्या पॉलियुरेथेन, रंगातल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. म्हणून मुलाला सांगा: पहिल्या दिवशी मास्क बघ आणि बादली बघ. पत्र्याची असेल, वायर लावलेली असेल तर काम शीक. प्लॅस्टिकची असेल तर सुपरवायझरला सांग, आणि तो हसला तर घरी फोन कर. त्या फोनवर "चार दिवस कळ काढ" म्हणू नका.